नाही म्हणा, पण तपासून म्हणा
नवी मुंबईतल्या छातीच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
ऐरोलीपासून पनवेलपर्यंतचे छातीविकारतज्ज्ञ, फिजिशियन, रेडिओलॉजिस्ट आणि छातीचे सर्जन यांस



या पत्रातले सगळे मी तुमच्यापैकी कित्येकांना फोनवर, चिठ्ठीत आणि लिफ्टमध्ये उभ्या उभ्या सांगून पाहिले आहे. "बरोबर आहे तुमचं" असे प्रत्येक जण म्हणतो आणि पुढचा रुग्ण पुन्हा तसाच येतो. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

मी श्वसनविकारांची फिजिओथेरपिस्ट. एम्फिसीमाच्या रुग्णांना चालवणे, त्यांची ताकद वाढवणे, श्वास कसा सोडायचा ते शिकवणे हे माझे काम. रुग्णाची फाइल माझ्या टेबलावर येते तेव्हा तिच्यासोबत दोन वाक्यांपैकी एखादे आधीच ठरून आलेले असते. एक, "फुप्फुस पार गेलंय, ऑपरेशन झेपणार नाही." दुसरे, "व्हॉल्व्ह टाकून घ्या, फरक पडेल." दोन्ही वाक्ये कुणा ना कुणाच्या बाबतीत खरी असतात. ती कुणाच्या बाबतीत खरी आहेत हे ठरवणाऱ्या तपासण्या मात्र फाइलमध्ये नसतात, हीच माझी तक्रार.

हे पत्र रुग्णांच्या घरचेही वाचतील, म्हणून आधी शस्त्रक्रियेबद्दल चार ओळी. एम्फिसीमात फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती विरत जातात आणि फुप्फुसाचा लवचीकपणा संपतो. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. हार्बरच्या डब्यात पनवेलपर्यंत न उतरणाऱ्यांनी दारातच ठाण मांडावे, तशी ही शिळी हवा जागा अडवून बसते आणि नव्या श्वासाला आत शिरायला वाव राहत नाही. छाती फुगते, डायफ्रॅम खाली दाबला जाऊन सपाट होतो आणि त्याला नीट आकुंचन पावता येत नाही. लंग व्हॉल्यूम रिडक्शन सर्जरीत दोन्ही फुप्फुसांचा सर्वांत निकामी झालेला भाग, साधारण २० ते ३० टक्के, काढून टाकतात. मग उरलेल्या बऱ्या भागाला पसरायला जागा मिळते आणि डायफ्रॅम पुन्हा कामाला लागतो. आधीच श्वास पुरत नसलेल्या माणसाचे फुप्फुस कापायचे, हे ऐकून घरच्यांचे डोळे विस्फारतात. त्यांचे काही चुकत नाही. १९५०च्या दशकात बाल्टिमोरच्या ऑटो ब्रँटिगन यांनी ही शस्त्रक्रिया सुरू केली तेव्हा सर्जनांचेही डोळे विस्फारले होते. दर सहा रुग्णांमागे साधारण एक दगावत असे, म्हणून ती मागे पडली. १९९३मध्ये सेंट लुइसच्या जोएल कूपर यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि १९९५मध्ये पहिल्या २० रुग्णांचे निकाल छापले. एकही दगावला नव्हता. मग अमेरिकेत जो तो ही शस्त्रक्रिया करू लागला, मृत्यू वाढले आणि तिथल्या सरकारी विम्याने पैसे देणे थांबवले.

त्यानंतर जे झाले ते तुम्ही सर्वांनी एमडीच्या परीक्षेसाठी पाठ केलेले आहे. ते फक्त ओपीडीपर्यंत आणा, एवढेच माझे मागणे आहे. अमेरिकेतल्याच 'नेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत १७ केंद्रांवर १,२१८ रुग्ण घेतले. निम्म्यांना शस्त्रक्रिया, निम्म्यांना फक्त औषधोपचार. रिहॅब, म्हणजे व्यायामाचा कार्यक्रम, मात्र सर्वांना. २००१मध्ये चाचणी चालू असतानाच धोक्याची घंटा वाजली. ज्यांचा एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, अपेक्षेच्या २० टक्के किंवा त्याहून कमी होता, आणि शिवाय एकतर रोग फुप्फुसभर सारखा पसरलेला होता किंवा वायूंची देवाणघेवाण मोजणारा डीएलसीओही २० टक्क्यांच्या आत होता, अशा ६९ जणांवर शस्त्रक्रिया झाली होती. त्यातले १६ टक्के महिन्याभरात गेले. तशाच ७० जणांना नुसती औषधे दिली होती. त्यांतला एकही त्या महिन्यात गेला नाही. अशांना घेणे तिथेच बंद झाले. २००३मध्ये पूर्ण निकाल आला. सगळ्यांची सरासरी काढली तर शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नव्हते. पण रोग मुख्यतः वरच्या लोबमध्ये, म्हणजे फुप्फुसाच्या वरच्या भागात, आणि रिहॅबनंतरही व्यायामाची क्षमता कमी, अशा गटात शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला. आणि रोग वरच्या लोबमध्ये नाही, क्षमता बरी, अशांचे शस्त्रक्रियेने नुकसानच झाले.

म्हणजे ठरवायचे ते तीन-चार गोष्टींवर: रोग कुठे आहे, हवा किती अडकली आहे, वायूंची देवाणघेवाण किती उरली आहे, आणि व्यायाम करून झाल्यावर माणूस किती चालतो. आता माझ्याकडे येणारी फाइल उघडू या.

सीटी बहुतेकांचा झालेला असतो. रिपोर्टमध्ये एक ओळ: दोन्ही फुप्फुसांत एम्फिसीमाचे बदल. संपले. वरच्या लोबमध्ये जास्त की खाली? सगळीकडे सारखे की ठिकठिकाणी? दोन लोबमधली फिशर, म्हणजे त्यांना वेगळे करणारी भेग, अखंड आहे की तुटलेली? एकच मोठा बुला, म्हणजे हवेचा फुगा, उरलेल्या बऱ्या फुप्फुसाला दाबून बसला आहे का? हा शेवटचा प्रश्न तर सर्वांत आधी विचारायला हवा. अर्धी छाती व्यापणारा एकटा बुला काढल्यावर माणूस कामावर परत जाऊ शकतो, आणि असा बुला नुसत्या एक्स-रेवर छातीत हवा भरल्यासारखा दिसून त्यात नळी घातली जाण्याचा धोका असतो. रेडिओलॉजिस्ट मंडळी, तुमच्या कामाचा रेटा मला ठाऊक आहे. पण तुमच्या त्या एका ओळीवर कुणाचे पुढच्या पाच वर्षांचे आयुष्य ठरते. आणखी तीन ओळी लिहा. आणि छातीचे डॉक्टर मागतच नाहीत म्हणून लिहीत नाही, असे तुमचे म्हणणे असेल, तर डॉक्टरांनो, मागा.

पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीच्या, नावाखाली फाइलला एक स्पायरोमेट्रीचा कागद टाचलेला असतो. फुंकर किती जोरात सुटली एवढेच त्यातून कळते. फुंकून झाल्यावर छातीत किती हवा अडकून राहिली, म्हणजे रेसिड्युअल व्हॉल्यूम, ते त्यात नसते. डीएलसीओही नसतो. प्रत्येक दवाखान्यात ती यंत्रे असावीत असा माझा हट्ट नाही. पण आपल्या शहरात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, मोठी खासगी इस्पितळे आहेत, आणि खाडी ओलांडली की मुंबई आहे. जिथे होते तिथे एकदा पाठवा. नुसत्या एफईव्ही-१च्या आकड्यावर "झेपणार नाही" म्हणू नका. तो आकडा २२ असो वा १८, पुढचे दोन आकडे आणि सीटी पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

आता माझ्या कामाबद्दल. इथे माझा थोडा राग दिसेल, तो चालवून घ्या.

माझ्याकडे येणाऱ्यांत तुर्भ्याच्या बाजार समितीतले निवृत्त माथाडी पुष्कळ. मूळचे साताऱ्याकडचे, आता कोपरखैरणे-घणसोलीचे. तीस-पस्तीस वर्षे पाठीवर गोणी वाहिलेली, त्यातली कित्येक वर्षे मसाला मार्केटात मिरचीच्या खाटात, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत विडी. त्यांतल्या एका काकांना सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीसाठी उभे केले. तीस मीटरचा पॅसेज, दोन टोकांना दोन शंकू, मध्ये एक खुर्ची. पहिली फेरी त्यांनी टोळीत चालल्यासारखी झपाट्याने मारली. मी "काका, हळू" म्हणेपर्यंत वळलेसुद्धा. तिसऱ्या फेरीत बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा ८६वर आला. ते थांबले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, ओठ शीळ घालताना होतात तसे केले आणि श्वास सोडत राहिले. खुर्चीकडे बोट केले तर मान हलवली. बसायचे नाही. सहा मिनिटे संपली तेव्हा दोनशे मीटरही झाले नव्हते. फाइलवर आधीच शेरा होता: फार अशक्त, शस्त्रक्रियेस अयोग्य.

डॉक्टर, अशक्त असणे हे त्या शस्त्रक्रियेविरुद्धचे कारण नाही. ज्यांना सर्वाधिक फायदा झाला ते कमी क्षमतेचेच होते: सायकलवर बायका २५ वॅट आणि पुरुष ४० वॅटपर्यंतच पोचणारे. अट एवढीच की ही क्षमता सहा ते दहा आठवड्यांच्या रिहॅबनंतर मोजलेली हवी. काही जण रिहॅबने इतके सुधारतात की कापाकापीचा प्रश्नच उरत नाही. काही जण मेहनत करूनही तिथेच राहतात, आणि त्यांचा रोग वरच्या लोबमध्ये असेल तर तेच सर्जनकडे जायला हवेत. काही जण इतके थोडे चालतात की भूल देणेच धोक्याचे. 'नेट'मध्ये रिहॅबनंतरही सहा मिनिटांत १४० मीटरच्या पुढे न जाणाऱ्याला घेतलेच नव्हते. यांतला कोण कुठला, हे पहिल्या भेटीत ना तुम्हाला कळते, ना मला.

आणि रिहॅबसाठी तुमची चिठ्ठी येते ती अशी: "चेस्ट फिजिओ". दोन शब्द. ते वाचून रुग्ण पाठीवर थापा मारून घ्यायला येतो. कफ निघेल म्हणून. दोन दिवस येतो, कफ मुळात फारसा नसतोच, तिसऱ्या दिवशी येत नाही. रिहॅब म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, दोन महिने, पायांचे आणि हातांचे व्यायाम, चालणे, इन्हेलर नीट ओढायला शिकणे, खाण्याकडे लक्ष, हे तुम्ही त्याला सांगितले तर तो माझे ऐकेल. मी सांगितले तर तो म्हणतो, "साहेब असं काही बोलले नाहीत." साहेब बोलले नाहीत म्हणजे ते जरुरीचे नाही, एवढा विश्वास आहे त्याचा तुमच्यावर. सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय राहणारा माणूस आठवड्यातून तीनदा खाली उतरून एनएमएमटीची बस पकडणार, तर त्याला कुणीतरी मोठ्या माणसाने सांगावे लागते की हे औषधच आहे. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत आठवड्यातले दोन दिवस हे वर्ग चालले तर निम्मा प्रश्न सुटेल. तुमच्या संघटनांनी पालिकेकडे ही मागणी एकदा लेखी केली तर तिला माझ्यासारखीच्या अर्जापेक्षा वजन राहील.

तंबाखूचा प्रश्न तुम्ही विचारता, पण इंग्रजी पुस्तकातून विचारता. "स्मोकिंग?" मावशी मान हलवतात, नाही. फाइलमध्ये लिहिले जाते: कधीच धूम्रपान नाही. मिसरी? ती रोज सकाळी, तव्यावर भाजून, पन्नास वर्षे. शस्त्रक्रियेआधी तंबाखू सुटला का हे पाहायला कोटिनिन, म्हणजे शरीरात उरलेली निकोटिनची खूण, तपासले तर मिसरीवालीचेही जास्त येणार, चुना-तंबाखू मळणाऱ्या काकांचेही येणार, आणि मग "खोटं बोलतात" असा शिक्का. खोटे कुणी बोलत नाही, प्रश्नच भलता होता. विडी सोडली का, कधी सोडली, मिसरी-तंबाखू चालू आहे का, घरात आणखी कोण ओढते, हे चार प्रश्न मराठीत विचारले तर उत्तरे मिळतात.

चुलीचाही विषय याच्याशी जोडलेला आहे. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले की जगातल्या सीओपीडीचा, म्हणजे एम्फिसीमा ज्यात मोडतो त्या आजाराचा, मोठा हिस्सा कधीही न ओढणाऱ्यांचा आहे, आणि त्याच्या कारणांत सर्वांत वर सरपण-गोवऱ्यांचा धूर येतो. साळवी पुण्याचे; त्यांचे म्हणणे इथल्या घरांना लागू व्हायला अडचण नाही. पण चुलीच्या धुराने होणारा सीओपीडी बऱ्याचदा श्वासनलिकांचा असतो, त्यात एम्फिसीमा कमी. अशा बाईंना फुप्फुस कमी करण्याच्या कुठल्याही उपायाने फारसे काही मिळणार नाही. आणि ज्यांना तरुणपणी टीबी झाला होता त्यांच्या वरच्या लोबमध्ये जे दिसते ते चट्टे असू शकतात, फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असू शकते. अमेरिकन चाचणीत असे रुग्ण फारसे नव्हतेच. म्हणून तिचे आकडे डोळे मिटून इथे लावू नका, हे मलाही मान्य. पण त्यावरून निघते ते एवढेच की आपल्याकडे प्रत्येक रुग्ण अधिक बारकाईने पाहावा लागेल. २०२५च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून, कबुतरांमुळे बिघडणाऱ्या फुप्फुसांची मुंबईभर चर्चा झाली, कोर्टापर्यंत गेली. विडी आणि चुलीवरून तशी एक झाली असती तर बरे वाटले असते.

आता व्हॉल्व्ह. दुर्बिणीतून श्वासनलिकेत एकेरी झडप बसवायची, खराब लोबमधली हवा बाहेर जाऊ द्यायची, आत येऊ द्यायची नाही, म्हणजे तो लोब आक्रसतो. कल्पना सुरेख आहे, आणि योग्य माणसाला फरकही पडतो. २०१८मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली ती पुराव्यावर. पण त्याच वर्षीच्या चाचणीत झडप बसवलेल्यांपैकी चौघांत एकाहून जास्त जणांच्या छातीत पहिल्या दीड महिन्यात हवा भरली. म्हणूनच रुग्णाला नंतर निदान तीन रात्री रुग्णालयात ठेवायचे असते. घरच्यांना मात्र सांगितले जाते, "ऑपरेशन नाही हो, नुसती दुर्बीण." आणि फिशर तुटलेली असेल तर शेजारच्या लोबमधून हवा आत येतच राहते, झडप नुसती बसून राहते. ते पाहायला सीटी आहे, फुग्याने हवेचा प्रवाह मोजायची तपासणी आहे. हे न करता झडपेचा खर्च कागदावर लिहून देणे याला मी सौम्य शब्द शोधत होते, मिळाला नाही. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया आणि झडप यांची थेट तुलना झाली. २०२३मध्ये निकाल आला. वर्षाने पाहिले तर दोन्हींत मोठा फरक नव्हता. तेव्हा एका डॉक्टरला जे येते तेच रुग्णाला लागते, असे होता कामा नये. फुप्फुस कापणारा, दुर्बीण घालणारा, सीटी वाचणारा, भूल देणारा आणि चालवणारी, हे सगळे एका टेबलाभोवती पंधरा मिनिटे बसले तर पुरे. कर्करोगाच्या फाइली अशाच पाहिल्या जातात हे टाटाच्या खारघर केंद्रामुळे आपल्याकडच्या रुग्णांनाही ठाऊक आहे. फुप्फुसाच्या रुग्णाने वेगळे काय पाप केले?

एक शेवटची गोष्ट, आणि ही तपासण्यांची नाही. बहुतेकांना शेवटी "नाही" असेच सांगावे लागेल, हे मला माहीत आहे. शस्त्रक्रियेला लायक रुग्ण थोडेच असतात, आणि ती नीट करणाऱ्या जागाही थोड्याच. पण "नाही" ओपीडीच्या दारात, मुलाला बाजूला घेऊन सांगितले जाते. काका बाकावर बसून असतात. मग ते माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, साहेब काय म्हणाले?" मुलगा मागून मला खुणा करतो. हा निरोप्याचा धंदा मला नको आहे. रुग्णाला समोर बसवून सांगा, आणि कागदावर कारण लिहून द्या: रोग सगळीकडे सारखा, डीएलसीओ अमुक, म्हणून धोका जास्त. लेखी कारण असले की तो दुसरीकडे जाऊन पैसे घालवत नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरला तुमचे मत तपासूनही पाहता येते. त्याच कागदावर पुढे काय, तेही लिहा. ऑक्सिजन लागतो का, लागत असेल तर दिवसाचे निदान पंधरा तास. फ्लू आणि न्यूमोकॉकलची लस. प्रत्यारोपणाचा विचार करण्याजोगे वय आणि प्रकृती आहे का. "घरी न्या, जपा" हा शेरा कुठल्याही फाइलवर मला पुन्हा दिसू नये.

माझ्या बाजूने मी एवढे करीन. "चेस्ट फिजिओ" एवढीच चिठ्ठी आली तरी रुग्ण परत पाठवणार नाही. पहिल्या दिवशी, चौथ्या आठवड्यात आणि आठव्या आठवड्यात तो किती मीटर चालला, ऑक्सिजन कुठपर्यंत घसरला, कुठे थांबला, हे तुम्हाला लेखी पाठवीन. सर्जनकडे पाठवायचे की नाही ते आठव्या आठवड्याच्या कागदावर ठरवा, तोवर फाइलवर शेरा मारू नका. काही जणांचा तो कागद माझ्याकडे आत्ताच तयार आहे. तुमच्या रिसेप्शनवर देऊ की थेट तुमच्या हातात, तेवढे कळवावे.



आपली,
एक श्वसन-फिजिओथेरपिस्ट
नेरूळ, नवी मुंबई